ओळ उघडी ठेवायची नाही

'कोरस' हा शब्द मी शाळेत जायच्याही आधी शिकले. अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसा गवंडीकाम करायचे आणि संध्याकाळी गायन पार्टीचे मालक असायचे. मालक आपलं म्हणायचं. पार्टीत एक पेटी, एक ढोलकी आणि मागं बसणारी दोन-तीन माणसं, एवढाच सगळा संसार. ही मागची माणसं म्हणजे कोरस. पुढच्या गायकानं ओळ म्हटली की ती उचलायची आणि तशीच परत म्हणायची. जुनी माणसं त्याला झील म्हणत. अप्पांना नवा शब्द आवडायचा, म्हणून आमच्याकडे कोरस.

कोरसाला अप्पांचा एकच नियम होता. ओळ उघडी ठेवायची नाही. गायकाची ओळ संपली आणि मागून ती कुणी उचलली नाही, तर तो गायकाचा अपमान. पंगतीत एखाद्यानं पाणी मागितलं आणि कुणी हललंच नाही, तसं ते दिसतं म्हणायचे. रियाजाला बसलं आणि माझं लक्ष उडालं की पेटीवरचा हात माझ्या टाळक्यात पडायचा. माझा आवाज तसाही फुटका होता. त्यामुळे मला कोरसात बसवायचे तेही कडेला, ढोलकीच्या बाजूला, म्हणजे ऐकू जाणार नाही.

अक्काचं तसं नव्हतं. अक्का माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तीही आधी कोरसात होती, पण एकदा संतपूरच्या कार्यक्रमात अप्पांचा घसा बसला तेव्हा त्यांनी तिला पुढं ढकललं, आणि ती जी पुढं गेली ती परत मागं आलीच नाही. दीक्षा घेतल्यानंतर आमच्या वस्तीत देवादिकांची गाणी बंद झाली होती. बुद्धाची आणि जयंतीची गाणी, तीच आमची गाणी. ती अक्कानं म्हणावीत. लांबून बैलगाड्या करून लोक यायचे. अप्पा लोकांना सांगायचे, "मागून गातंय ते कोरस, पुढून गातंय ते गायक. माझी पोरगी गायक हाय." हे सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची की मायला हसू आवरत नसे.

मग अक्का बिदरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. अप्पांनीच पाठवली. शिकण्याच्या बाबतीत आमच्या घरात दोन मतं नव्हती. अट एवढीच की जयंतीला गावात यायचं आणि पार्टीत पुढं बसायचं. तशी ती येत राहिली. पुढं तिथंच नोकरीला लागली, आणि एका वर्षी तिला ड्यूटी बदलून मिळाली नाही. जयंतीला अप्पांनी एकट्यानं गाऊन वेळ निभावली. त्याच आठवड्यात भालकीच्या बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं, तुमची पोरगी तिकडं दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या प्रार्थनेत गाते म्हणून.

अप्पा त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले आणि पेटीवर गोधडी टाकली. माय म्हणाली, "आता हे कामून?" तर म्हणाले, "एक दार सोडून मोकळे झालाव. आता पोरगी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभारलीय. मी कुणासाठी गाऊ?" त्यानंतर पेटी उघडली नाही. ढोलकीवाले चारदा येऊन बसून गेले. अक्का पावसाळ्यात दोन दिवस आली तेव्हा अप्पा तिच्याशी बोलले, पण बाजारात भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं. पाऊस हाय का तिकडं. मोटार वेळेवर व्हती का. मला आधीच राग लवकर येतो. मी मायला म्हटलं, "भांडले असते तरी परवडलं असतं."

खरं तर अप्पांची भीती मला कळत होती. त्यांच्या वडिलांचा अर्धा जन्म देवळाच्या पायरीखाली उभं राहण्यात गेला होता. त्यातून बाहेर यायला काय लागलं होतं ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पोरगी आपली राहिली नाही, असं त्यांना वाटत होतं. पण हे तोंडानं बोलतील तर ते अप्पा कसले.

हिवाळ्यात मी भालकीहून बिदरला गेले. मी तेव्हा मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि सुट्टी लागली होती. अक्का मला दवाखान्यामागच्या खोलीवर घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "नाताळाआधी इथं मोठा कार्यक्रम हाय. हैदराबाद-सिकंदराबादहून वाजवणारे येणार हायत, व्हायोलिनवाले, तुताऱ्यावाले, ढीगभर. गाणारे आमी सगळे. मी कोरसमध्ये हाय. आणि एके ठिकाणी मला एकटीला गायचंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पांनी एकदा ऐकावं गं. ऐकून मग न्हाई म्हणावं. न ऐकता न्हाई म्हणायलेत, तेच सलायलंय. ते आले न्हाईत तर मी मास्तरांना सांगणार हाय, एकटीचं दुसरीला द्या म्हणून. माझ्यानं व्हणार न्हाई."

हा निरोप घेऊन मी गावी आले. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. अप्पा अंगणात चुना लावायची करणी घासत बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, बिदरला गाण्याचा मोठा कार्यक्रम हाय. अक्का कोरसमध्ये हाय."

करणी थांबली.

"कशात हाय म्हणालीस?"

"कोरसमध्ये."

"मागं बसवलंय?" अप्पा उठूनच उभे राहिले. "माझ्या पोरीला? धा गावची माणसं जिला ऐकायला येतेत तिला मागं बसवलंय? त्यास्नी कान हायत का न्हाई? कोण हाय तिथला मास्तर?"

माझं दुसरं वाक्य जिभेवर आलेलंच होतं. ते मी तसंच गिळलं. तवा तापलाय तर भाकरी टाकून घ्यावी. मी एवढंच म्हटलं, "मला काय ठाव. तुमीच येऊन इचारा."

"इचारतोच," अप्पा म्हणाले. सात-आठ महिने पोरगी कुठल्या दारात गाते म्हणून अबोला धरलेला माणूस, तिला त्याच दारात मागं बसवलं म्हणून पेटून उठला. माय चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही तिघं दुपारच्या मोटारीनं बिदरला पोचलो. अप्पांनी जयंतीचा पांढरा सदरा घातला होता. मिशनच्या शाळेच्या मोठ्या दालनात कार्यक्रम होता. आत बाकं मांडलेली. डॉक्टर, नर्सा, शाळेची पोरं, गावातले व्यापारी, बुरख्यातल्या बायका, आणि आमच्यासारखी खेड्यातून आलेली, पायातल्या चपलांचं काय करावं न कळणारी माणसं. अप्पांनी आधी भिंतीला हात लावून पाहिला. लाल दगडाची भिंत होती. "आवाज बरा राहील," म्हणाले. गवंड्याचं कौतुक आटोपल्यावर मग ते मास्तर शोधायला लागले.

समोर वाजवणारे बसले होते. एवढी वाजंत्री मी आयुष्यात एका ठिकाणी पाहिली नव्हती. उभं ठेवून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिन, पितळेची लांबच लांब वळणं घेतलेली वाद्यं, तांब्याचे दोन मोठे नगारे. सगळे आपापलं काहीतरी वाजवत होते, कुणाचा कुणाला पत्ता नाही. माय म्हणाली, "हेच का गाणं?" तेवढ्यात एकानं एक सूर धरला आणि हळूहळू सगळी वाद्यं त्या सुरावर येऊन थांबली. अप्पांची चुळबुळ बंद झाली. "सूर मिळवायलेत," ते हळूच म्हणाले. "एवढ्या लोकास्नी एका सुरात आणायचं म्हणजे खायचं काम न्हाई."

मग मास्तर आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले, इथल्याच शाळेत संगीत शिकवणारे कानडी गृहस्थ. आले, वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. अप्पांना ते काही रुचलं नाही. आणि वाजवणाऱ्यांच्या मागच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं एकदम उठली. सगळी एकाच वेळी, पांढऱ्या कपड्यांतली, हातात काळी पुठ्ठ्याची वही धरून. सत्तर असतील, ऐंशी असतील. बायका, पुरुष, दवाखान्यातल्या आया, शाळेतले शिक्षक. तिसऱ्या ओळीत अक्का.

"हे कोण गं?" अप्पांनी मला विचारलं.

"कोरस."

"एवढा?"

"एवढा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिकडं पाहिलं, आणि मास्तराला जाब विचारायचा विचार त्यांच्या तोंडावरून गेलेला मी स्पष्ट पाहिला. ऐंशी माणसांचा कोरस ठेवणाऱ्याला काय जाब विचारणार?

ते गाणं कसं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. शब्द आम्हाला समजत नव्हते. पण पहिल्यांदा सगळे मिळून गायले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि बाक थरथरलं. आमच्या कोरसात सगळे एकच ओळ म्हणत. इथं बायकांची अर्धी फळी एक म्हणत होती, अर्धी दुसरंच, पुरुषांचं खालून तिसरंच चाललेलं, आणि तरी भांडण नव्हतं. चार वाटांनी निघालेली माणसं जत्रेत एका ठिकाणी भेटावीत तशी ती शेवटाला एका सुरावर येऊन भेटत. आणि भेटली की नगारे वाजायचे. मी इतकी वर्षं कोरसाच्या कडेला बसून जांभया दिलेली मुलगी. मला पहिल्यांदा वाटलं, मागं बसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

एकटे गाणारे चौघं होते. तिघं बाहेरून आलेले. एक जाडे गृहस्थ होते, त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा खोल. एक गोऱ्या बाई होत्या, त्या इतक्या उंच सुरात गेल्या की मायनं श्वास रोखून धरला आणि त्या उतरल्यावरच सोडला. अप्पांची बोटं गुडघ्यावर चालत होती. मध्येच "वा" म्हणाले. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी मागं वळून पाहिलं तर अप्पांनी त्यालाच मान डोलावून दाखवली, म्हणजे ऐक की बाबा.

मग अक्का पायऱ्या उतरून पुढं आली.

अप्पा माझ्याकडे वळले. मी समोर बघत राहिले. "कोरसमध्ये हाय म्हणाली व्हतीस," ते कुजबुजले. "कोरसमध्ये पण हाय," मी म्हटलं.

अक्कानं बाकांवरून नजर फिरवली. आम्ही तिला दिसलो की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग पांढरा सदरा दिसला असावा, कारण तिचे खांदे एकदम खाली आले. व्हायोलिनं अगदी हळू वाजत होती. तिनं सुरुवात केली. आवाज तोच, संतपूरच्या मांडवातला, पण त्याला आता घाई नव्हती. आमच्या मांडवात तिला ढोलकीच्या वर आवाज काढावा लागायचा. इथं सगळे तिच्या खाली राहून वाजवत होते, तिला जागा देत होते. ती ओळ चढत गेली, वर जाऊन थांबली आणि तिथून हळूहळू उतरून आली. व्हायोलिनं थांबली. सगळंच थांबलं. मास्तरांचे हात हवेत होते.

दालनात काही आवाज नव्हता. ऐंशी माणसं वह्या धरून उभी, आणि माझ्या बहिणीची ओळ मधोमध उघडी पडलेली.

अप्पांनी ती उचलली.

त्यांना शब्द येत नव्हते. त्यांनी डावा हात कानावर ठेवला, डोळे मिटले आणि ओळीचा शेवटचा तुकडा, जसा तिनं उतरवला होता अगदी तसा, नुसत्या आकारात खड्या आवाजात म्हटला. सात-आठ महिने गोधडीखाली ठेवलेला आवाज होता तो. लाल दगडाच्या भिंतींनी तो सगळीकडे पोचवला. सगळं दालन मागं वळलं. मायनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला, "आवरा की, हे आपलं समाजमंदिर हाय का?" मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझा ऊर भरून आला होता. तिची ओळ या माणसानं कुणाच्या दारात पडू दिली नव्हती.

मास्तरांचे हात हवेतच राहिले. ते वळले नाहीत. अप्पांचा सूर पुरता विरेपर्यंत ते तसेच थांबले, आणि मग त्यांनी हात खाली आणला. ऐंशी जणांच्या कोरसानं अगदी हळू आवाजात गायला सुरुवात केली. काय गायले? तीच ओळ. अक्काचीच. म्हणजे ती उचलायचीच होती. कोरस ती विसरला नव्हता, मुद्दाम जरा थांबला होता. अप्पा चुकले नव्हते, नुसते आधी आले होते.

पुढच्या ओळीला अक्काचा आवाज भरून आला होता आणि तरीही सूर हलला नाही. अप्पा तोंडावर उपरणं धरून बसले होते. शेवटी सगळे मिळून गायले, तुताऱ्या, नगारे, सगळं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. अप्पा मात्र बसून होते. माय म्हणाली, "आता उठा, आता चालतंय," तेव्हा उठले.

बाहेर आवारात कडुलिंबाखाली आम्ही अक्काची वाट बघत थांबलो. आधी मास्तरच आले. अप्पांनी त्यांना लांबूनच हात जोडले. मास्तरांना मराठी फार येत नव्हतं आणि अप्पांचं कानडी कामापुरतं, दगड, चुना, मजुरी एवढंच. म्हणून दोघं दखनी उर्दूत बोलले.

"गलती हो गई मास्तर," अप्पा म्हणाले. "हमारे में ओळ उघडी नै छोडते."

मास्तर हसले. "छोडते तो हमारे में भी नै, अण्णा. जरा रुकते."

अप्पांनी ते ऐकलं आणि मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. जाब विचारायला आलेला माणूस मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

मग अक्का आली. पांढरी साडी, अंगावर नर्सांचा निळा स्वेटर. ती अप्पांपासून जरा लांबच थांबली. मला वाटलं आता हे पुन्हा पावसाचं विचारणार, आणि विचारलं असतं तर मी तिथंच भांडण काढलं असतं.

"जेवलीस का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई. गायच्या आधी जेवत न्हाई मी. तुमीच सांगितलेलं."

"व्हय की." अप्पा खाकरले. मग जे इतके महिने अडकलं होतं ते आलं. "इथं गायलं की आपलं सोडावं लागतंय का गं?"

"न्हाई अप्पा," अक्का म्हणाली. "मास्तरांनी फकस्त सूर इचारला. त्यो तुमचा व्हता. मी तसं सांगितलं बी."

अप्पा रडले. आयुष्यात मी त्यांना रडताना पाहिलं ते दोनदा, त्यातलं हे एक. मायनं आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं, भर आवारात, सगळ्या नर्सांच्या समोर. मग आम्ही डबा उघडला आणि कडुलिंबाखाली बसून भाकरी खाल्ली.

पुढच्या जयंतीला अक्कानं आधीच रजा काढून ठेवली होती. समाजमंदिरासमोर मांडव होता, खटकचिंचोळीकडचीही माणसं आली होती. पेटीवरची गोधडी कधीच निघाली होती. सतरंजी अंथरली, ढोलकीवाले बसले, मी माझ्या ठरलेल्या कडेला बसले. अप्पांनी पेटी उचलली आणि पुढं आपल्या जागेवर न ठेवता अक्कासमोर ठेवली. "वाजव तू," म्हणाले. आणि मागं येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसले. कोरसात. लोक बघायला लागले. ढोलकीवाल्यांना तर वाटलं अप्पांना बरं नाही.

अक्कानं पहिली ओळ म्हटली. आमचीच, जयंतीची, सगळ्यांना पाठ असलेली. ओळ संपली. मी सवयीनं तोंड उघडलं, तर अप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच दाबून राहिला. ढोलकीवाल्यांनी वळून पाहिलं. मांडव गप्प झाला. पुढं अक्कानं पेटीवर हात स्थिर ठेवला होता. ती मागं बघत नव्हती, पण पाठीवरून मला कळलं की ती हसते आहे.

"अप्पा," ढोलकीवाले घाबरून कुजबुजले, "ओळ उघडी पडलीय की!"

"पडू दे जरा," अप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी ती उचलली.